नाशिकचा समुद्र

शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास पेठ नाक्यावरच्या चहाच्या टपरीशी उभे राहावे. एकामागून एक गाड्या येऊन थांबतात. मागच्या सीटवर पोरे अर्धवट झोपेत, आजीच्या मांडीवर पुऱ्यांचा डबा, डिकीत चटई, प्लॅस्टिकची बालदी, बॅट आणि एक रिकामा आइसबॉक्स. "कुठं निघाली स्वारी?" "दमणला." "परत कधी?" "उद्या रात्री." आइसबॉक्स जाताना रिकामा का, हे नाशिकमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. दमण आणि आपल्या मधे गुजरात आहे, गुजरातेत दारूबंदी आहे. तेव्हा तो येतानाही रिकामाच येत असणार, असे आपण धरून चालू.

ही दोन दिवसांची दमणवारी कधी सुरू झाली, असे विचारले की दोन उत्तरे मिळतात. वडीलधारे म्हणतात, घरोघरी गाड्या आल्या तेव्हापासून. तरुण मंडळी नुसती हसतात. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी. नाशिकच्या माणसाचे समुद्राला जाणे हे फार जुने कूळ आहे, आणि त्याचा जन्मदाखला शहरापासून आठेक किलोमीटरवर दगडात कोरून ठेवलेला आहे. तिथपर्यंत जाऊच. आधी नद्यांचे एक कोडे सोडवायला हवे.

आमच्या शहरातली नदी गोदावरी, पण बोलताना तिला गंगाच म्हणायचे. "जरा गंगेवर जाऊन येते," असे म्हणून निघालेली बाई तासाभरात परत येते. ही गंगा ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत अवघा ऐंशी किलोमीटर. पण गोदावरीने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि १,४६५ किलोमीटरची पायपीट करून ती बंगालच्या उपसागराला मिळाली. नाशिककराच्या डोक्यातला समुद्र त्यामुळे नेहमी लांबचा राहिला. नदीच तिकडे जात नाही, तर आपण काय जाणार! पण जिल्ह्यातल्या सगळ्या नद्या अशा हट्टी नाहीत. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात जन्मते आणि अर्नाळ्याला समुद्राला मिळते. सुरगाणा-पेठच्या बाजूने पार नदी वलसाडकडे उतरते. आणि दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावजवळ उगम पावलेली दमणगंगा सुमारे १३१ किलोमीटर वाहत जाऊन दमणला समुद्राला मिळते. पेठ नाक्यावरून सुटलेली गाडी सावळघाट, करंजाळी, कोटंबी घाट, पेठ करीत कपराड्याला उतरते आणि वापीवरून दमणला पोचते, तेव्हा ती आपल्याच जिल्ह्यातल्या पाण्याच्या मागे मागे गेलेली असते. हे मला कळले तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. शाळेत दमणगंगा भूगोलाच्या पुस्तकात होती. ती आपली आहे, असे कुणी सांगितले नव्हते.

आता तो दाखला. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. एकूण चोवीस लेणी. त्यांतल्या दहाव्या लेण्याला नहपान विहार म्हणतात. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, अगदी छताखाली, ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे. तो कोरवून घेतला उषवदाताने. हा शक, दिनिकाचा मुलगा, क्षत्रप नहपानाचा जावई. बायकोचे नाव दक्षमित्रा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपण केलेल्या दानांची यादी देतो, आणि दात्याला शोभेल अशी ती मोकळ्या हाताची यादी आहे: तीन लाख गाई, सोळा गावे, दरवर्षी लाख ब्राह्मणांना भोजन. दानाचे आकडे असेच फुगतात, म्हणून एरवी मी ते वाचून सोडून दिले असते. पण पुढे तो जे सांगतो ते फुगवायचे कुणाला कारण नाही. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. गोवर्धन म्हणजे आपले नाशिकजवळचे गोवर्धन, शूर्पारक म्हणजे वसई तालुक्यातले सोपारा, भरुकच्छ म्हणजे भडोच. शिवाय इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर थांबायला निवारा व प्यायला पाणी.

दमणा म्हणजे दमणगंगा. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. पारादा म्हणजे पार. आज नाशिकची गाडी ज्या दोन किनाऱ्यांना सगळ्यांत जास्त जाते, पेठेवरून दमण आणि जव्हारवरून डहाणू-बोर्डी, नेमकी ती दोन नावे नाशिकच्या डोंगरात कोरलेली आहेत. वाटेत राहायची सोय, उतार, पाणी, सगळे त्यात आहे. पर्यटन महामंडळाच्या फलकावर याहून वेगळे काय असते?

त्याच लेखात नारळही आहेत. नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळीची झाडे त्याने गोवर्धन, शूर्पारक वगैरे ठिकाणच्या भिक्षूंना दिली. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात चिखलपद्र गावच्या आणखी आठ हजारांची नोंद आहे. नाशिकच्या काळ्या जमिनीत नारळ काही आपणहून येत नाही. घाटावरच्या डोंगरात बसून कुणी चाळीस हजार माडांचा हिशेब लिहितो, याचा अर्थ घाट आणि किनारा तेव्हा एकाच संसारात होते. माल खाली उतरत होता, पैसा वर चढत होता. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले ते बहुधा याच वाटांसाठी. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांवर नहपानी नाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारून घेतलेला आहे. जिंकण्याची इतकी रोकडी पावती क्वचितच मिळते.

उषवदाताच्या नावेतून व्यापारी, भिक्षू, यात्रेकरू गेले असतील. मौजेखातर कुणी गेले नसेल. समुद्र ही मौजेची जागा नव्हतीच. आपल्या धर्मशास्त्राने पिंपळ आणि समुद्र यांना एका ओळीत बसवले आहे: दोन्ही पूज्य, पण वाटेल तेव्हा शिवायची नव्हेत. पिंपळाला शनिवारी हात लावावा, समुद्राला पर्वणीला. म्हणजे अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण असे काही. एरवी लांबून नमस्कार. समुद्र ओलांडणे तर आणखी पुढची गोष्ट, त्यासाठी प्रायश्चित्ताची तजवीज होती.

हा नियम मी बरीच वर्षे भाबडा समजत होतो. मग किनाऱ्यावरच्या लोकांचा भरतीचा हिशेब कळला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा मुंबई-कोकणचा हिशेब. उत्तरेकडे सरकावे तसा उशीर होत जातो. म्हणजे पर्वणीच्या दिवशी मध्यान्हस्नानाच्या वेळी पाणी आपणहून किनाऱ्याला येऊन भिडलेले असते. चिखल तुडवत त्याच्या मागे जावे लागत नाही. शास्त्रकाराने हेच मनात धरले होते, असा माझा दावा नाही. पण नियम आणि पाणी यांची वेळ जुळते, एवढे खरे.

माझ्या पहिल्या दमणवारीत मी दहा वर्षांचा होतो. एसटीने वापी, तिथून रिक्षा. आजीने पौर्णिमेचा हट्ट धरला होता आणि वडिलांना रजा त्याच दिवसापासून मिळाली, म्हणून ती पौर्णिमा साधली. पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. आम्ही पोरे धावत किनाऱ्यावर गेलो, आणि समुद्र नव्हता. काळसर ओली वाळू, पुढे चिखल, चिखलात कुशीवर कलंडलेल्या होड्या आणि फार लांब एक चकाकती रेघ. खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी ओहोटी अशी असते, हे आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हते. वडिलांचा चेहरा असा झाला, की जणू तेच तो समुद्र कुठेतरी ठेवून विसरले होते.

आजी मात्र तिथल्या एका मासेवालीपाशी जाऊन बसली. ती बाई गुजराती बोलत होती, आजी मराठी. "आज पूनम," बाई म्हणाली. "हो ना, पौर्णिमाच," आजी म्हणाली. मग दोघींनी आपापल्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले. आजी उठून आली आणि म्हणाली, "झोपा आता. उद्या दुपारी येईल." कुणी पाहुणा यावा तसे.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला पाणी भिंतीला लागले होते. आजी लुगडे गुडघ्यापर्यंत धरून दोन पावले आत गेली, तीन वेळा अर्घ्य दिले, वडिलांकडून चार आणे मागून घेऊन ते पाण्यात टाकले, नारळ सोडला आणि "झालं" म्हणून बाहेर येऊन पुऱ्यांचा डबा उघडला. तिच्या लेखी समुद्राला जाणे तेवढेच होते.

डब्यात पुऱ्यांबरोबर बटाट्याची सुकी भाजी होती. आणि इथे दक्षिण युरोप आपल्या पंगतीत येऊन बसतो. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांचा आणि कंदही त्यांनीच आणलेला. डिकीतली बालदी पोर्तुगीज, गाडीची चावी पोर्तुगीज, साबण पोर्तुगीज, सकाळी चहाबरोबर खाल्लेला पाव पोर्तुगीज, शर्टावरची इस्त्री पोर्तुगीज, आणि ज्याच्या जिवावर हे सगळे चालते तो पगारही पोर्तुगीज. गोव्याचे पंडित सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांत मुरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोशच छापला. दमणचा समुद्र पाहायला निघालेला नाशिककर घरून निघतानाच अर्धा लिस्बनचा माल बांधून घेतो, फक्त त्याला ते माहीत नसते.

दमण पोर्तुगीजांनी घेतले १५५९ साली. नदीच्या दक्षिणेला मोठी दमण, तिथला भलाथोरला किल्ला आणि आतले बॉम जेझूसचे चर्च. उत्तरेला नानी दमण, तिचा सेंट जेरोमचा छोटा किल्ला. आज गजबज सगळी नानी दमणला आणि मोठी दमण झाडांखाली पेंगत असते. बोकाज हा पोर्तुगालचा नामांकित कवी १७८९ साली लेफ्टनंट म्हणून इथे नेमला गेला आणि आल्या आल्या पळून गेला. दमणची सगळ्यांत लहान सहल बहुधा त्याचीच.

नाशिककराला मात्र चारशे वर्षे हे परके राज्य होते. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मोकळी केली; सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही माणसे त्या लढ्यात होती. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात जाण्यायेण्याच्या हक्काचा दावा लावला, त्याचा निकाल १९६० साली लागला, आणि १९६१च्या डिसेंबरात दमण भारतात आले. दरम्यान १ मे १९६० रोजी गुजरात राज्य दारूबंदीसह जन्मले होते. तीन बाजूंनी कोरडे राज्य आणि मधे केंद्राच्या ताब्यातली ओली पट्टी! दमणच्या बाजारपेठेचे पुढचे सगळे अर्थशास्त्र या एका ओळीत आहे. गोव्यापासून दमण वेगळे झाले ३० मे १९८७ला. २६ जानेवारी २०२०ला ते दादरा-नगर हवेलीशी जोडले गेले. दमणची कितीतरी तरुण मुले २०२०पर्यंत पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला कामाला गेली. आपण दोन दिवसांसाठी तिथे जातो, ती तिथून कायमची निघाली.

पण मौजेसाठी समुद्र, ही कल्पना पोर्तुगीजांनीही आणली नाही. ते आले तेव्हा ती युरोपातच नव्हती. तिकडेही समुद्राला आधी औषध म्हणूनच जात. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर-कादंबरीकार छातीच्या दुखण्याने जेरीला येऊन १७६३ साली आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या नीसला गेला आणि पुढच्या मे महिन्यात समुद्रात उतरला. गावकरी पाहत राहिले. हा खोकणारा मनुष्य आता काही वाचत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी ठरवून टाकले. तो वाचला, त्याने पुस्तक लिहिले, आणि त्याच्यामागून इंग्रजांची रीघ लागली. १८२०च्या दशकात त्यांनी नीसच्या किनाऱ्याला बांधलेल्या रस्त्याला आजही इंग्रजांचा रस्ता म्हणतात. ही सगळी मंडळी जात हिवाळ्यात. उन्हाळ्यात दक्षिणेचा तो किनारा ओस असे. भर उन्हात वाळूवर पडून राहण्याचे वेड १९२०च्या दशकातले.

हवेसाठी गाव बदलण्याची ही चाल इंग्रजी अमलात आपल्याकडे आली, तिला आपण 'हवापालट' हा सुरेख शब्द बनवला, आणि गंमत म्हणजे ती नाशिकला उलटी लागू झाली. समुद्राची दमट हवा सोसेना म्हणून मुंबईचे लोक कोरड्या हवेसाठी आमच्याकडे येऊ लागले. देवळालीला पारशी, गुजराती, जैन मंडळींनी सॅनिटोरियम बांधली. जुने बंगले आणि त्यांचे रुंद व्हरांडे अजून दिसतात. त्याच देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. त्या कंटाळ्याने डोके फिरे, आणि इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' म्हणण्याची रीत पडली. समुद्राची वाट पाहून वेडे होण्याचा पहिला मान, म्हणजे, नाशिकला.

थळ घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली, आणि वाहतूक दोन्ही दिशांनी लागली. मुंबईकर हवा खायला वर, नाशिककर समुद्र पाहायला खाली. आमच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेला पहिला समुद्र म्हणजे गिरगावची चौपाटी. चौपाटी हे मुळात चार पाटांचे, चार ओहोळांचे ठिकाण, जशी पालघरची सातपाटी. जुन्या गॅझेटियरने लावलेली ही व्युत्पत्ती मला पटते. पण नाशिककराने तिथे पाण्यापेक्षा भेळ जास्त पाहिली असावी. नाहीतर आज घाटावरच्या शहरांत, मैलोन्‌मैल समुद्र नसताना, चार हातगाड्या एका रांगेत लागल्या की त्याला चौपाटी का म्हणावे? समुद्र गळून पडला आणि शेवपुरी उरली.

सहल दोन दिवसांची का, याचे उत्तर मात्र समुद्रात नाही, हजेरीपटात आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९०च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. फ्रान्समध्ये कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा १९३६ साली मिळाली, तेव्हा तिकडचा समुद्र खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ साली रजेतल्या प्रवासाची सवलत आली, आणि नाशिकरोडच्या प्रेसमधल्या घरांत 'एलटीसी' हा शब्द दिवाळीइतक्या आनंदाने उच्चारला जाऊ लागला. मग सातपूरचे कारखाने, ओझरची विमाने. राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो अगदी अलीकडे, २०२०च्या फेब्रुवारीअखेरीस. पेठ नाक्यावरची शनिवारची गर्दी या सगळ्या कायद्यांची नातवंडे आहे.

एवढे होऊनही नाशिककर समुद्रात पोहत नाही, वाळूवर पहुडत तर नाहीच. युरोपात जाऊन आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनीसुद्धा भूमध्य समुद्राकाठी बूट काढले, पँट दुमडली, घोट्याइतक्या पाण्यात उभे राहून फोटो काढला आणि बसमध्ये बसले. दमणच्या जांपोर किनाऱ्यावर मी हेच पाहतो. घरचे सगळे एका ओळीत उभे, बायकांनी साडीच्या निऱ्या हातात धरलेल्या, लाट आली की एकदम ओरडायचे, मग डबा उघडायचा. येताना घोलवडचे चिकू किंवा दुसरे काही बांधून आणायचे आणि शेजारी वाटायचे. शिदोरी, स्नान, प्रसाद. हवापालटाचे नाव लावा की वीकएंडचे, ही मला सुट्टी वाटतच नाही, ही यात्रा आहे. आणि रामकुंडाच्या गावच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करणेही चूक आहे.

पुढच्या वेळी दमणला जाणार असाल तर तिथी बघून निघा, आणि त्याच्या आदल्या रविवारी पोरांना घेऊन पांडवलेण्याला जा. दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहून मागच्या भिंतीवर, अगदी वर बघायचे. अक्षरे वाचता येणार नाहीत, पण 'दमणा' आणि 'दाहनुका' तिथेच आहेत. बॅटरी जवळ ठेवा, आणि सकाळी लवकर जा. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ऊन लवकर चढते.